टाकीला नवी झबली

आमच्या कारखान्याच्या दारावर जो बोर्ड होता त्यावर अण्णांचं नाव, खाली 'निकल पॉलिश करून मिळेल' आणि नावाच्या शेपटीला 'अँड सन्स' असं लिहिलेलं होतं. घरात आम्ही दोघी मुली. बोर्ड रंगवला तेव्हा अण्णांचं नुकतंच लग्न झालं होतं. पेंटरनं विचारलं, पुढं काय लिवू, आणि अण्णांनी हौसेनं सांगून टाकलं. मग मी झाले, माझ्यामागून मंगल झाली आणि पाळणा तिथंच थांबला. मंगळवार पेठेतली माणसं काही मनात ठेवणारी नव्हेत. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "अण्णा, सन्स कुठं हाइत?" अण्णा मोटारीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं करत. बोर्ड बदलायचं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. पेंटर परत पैसे मागेल असं ते म्हणायचे, पण ते काही खरं कारण नव्हतं.

कारखाना पुढं, घर मागं आणि मधे एक पत्र्याचं दार. ते कधी लावलेलं मला आठवत नाही. त्यामुळे भाकरी थापल्याचा आवाज आणि बफाच्या मोटारीचा आवाज आम्ही एकत्रच ऐकत वाढलो. बफ म्हणजे कापडाच्या चकत्यांचं जाड चाक. पितळेची वस्तू आधी त्यावर घासून लखलखीत करायची आणि मग टाकीत सोडायची. ते चाक महादूमामांच्या ताब्यात. कारखाना निघाला तेव्हापासून ते अण्णांच्या जोडीला होते. दिवस कलला की त्यांचं तोंड इतकं काळं व्हायचं की हसले तर दातच तेवढे दिसत. टाकीजवळ मात्र शांतता. हिरवंगार पाणी, वर तांब्याच्या आडव्या दांड्या, आणि कोपऱ्यात वीज पुरवणारं यंत्र एका सुरात गुणगुणत बसलेलं. आई शेंगदाणे भाजायला घ्यायची तेव्हा तो वास त्या गुणगुणण्यात मिसळायचा, आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असं असतं. आता म्हातारपणी झोप उडाली की मी तो सूर आठवते. कधी झोप येते, कधी नुसतीच भूक लागते.

आम्ही जैन. घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही आणि जेवण दिवस मावळायच्या आत. हा शेवटचा नियम कारखान्यालाही लागू होता. टाकीतलं काम कितीही रंगात आलेलं असो, आक्कानं मागून हाक मारली की यंत्र बंद करायचं, वस्तू वर काढायची आणि हात धुऊन पानावर बसायचं. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिच्यापुढं अण्णांचं काही चालत नसे, मग गिऱ्हाइकाचं कुठून चालणार! ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, दही आणि वर शेंगदाण्याची चटणी. महादूमामाही आमच्याच पंगतीला बसत. आमच्यात राहून आपण निम्मे जैन झालो असं ते सांगत, आणि उरलेला निम्मा घरी जाऊन तांबड्या रश्शावर ताव मारी.

आक्काचं दुसरं राज्य म्हणजे पाणी. परसातल्या आडाचं पाणी ती दुहेरी कापडातून गाळायची, मग गाळणं उलटं करून त्यातले जीव परत आडात सोडायची. प्यायच्या पाण्याचं हे सगळ्याच जैनांच्या घरी चालतं. पण आक्का टाकीत ओतायचं पाणीसुद्धा बादली-बादली करून गाळून द्यायची. त्या पाण्यात पुढं कसली कसली औषधं पडणार, तर निदान त्यात जीव तरी जाऊ नयेत, असं तिचं म्हणणं. शेजारचे लोक हसायचे. आक्का त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. वापरून वापरून गाळण्याचं कापड मऊ पडलं की तिथूनच ते कारखान्यात यायचं. टाकीत दोन्ही बाजूंना निकलच्या जाड पाट्या टांगलेल्या असतात. वीज सुरू झाली की पाट्या विरघळत जातात आणि ते निकल मधल्या दांडीला टांगलेल्या वस्तूवर चढतं. पण पाटी विरघळताना तिचा काळा गाळ सुटतो, आणि तो वस्तूवर बसला की अंगावर पुरळ उठावं तसं निकल खरखरीत होतं. म्हणून प्रत्येक पाटीला कापडी पिशवी घालायची. महादूमामा त्या पिशव्यांना 'झबली' म्हणायचे. आक्काच्या जुन्या गाळण्यांची झबली आमच्या टाकीत वर्षानुवर्षं होती, आणि ती कशामुळे इतकी चांगली चालतात हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

त्या वर्षी मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि माझं काय करायचं यावर घरात रोज चर्चा चालायची. जयसिंगपूरला माझे मामा शाळेत होते. तिथं विज्ञान शिकवायची एक जागा दिवाळीनंतर मोकळी होणार होती आणि मामांनी हेडमास्तरांच्या कानावर घालून ठेवलं होतं. जागा चांगली, राहायला मामांचं घर, आणि मामी पुरणपोळी करण्यात नामांकित. नाही म्हणायला मला एकही कारण सापडत नव्हतं. एवढंच की मला तिथं जायचं नव्हतं. मला टाकीजवळ थांबायचं होतं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की टाकीजवळ थांबून बायकामाणसाला काय मिळतं, हात हिरवे होतात तेवढेच.

आमच्या टाकीत एक खोट होती आणि ती मला स्वस्थ बसू देत नव्हती. साधी पट्टी टाकली तर उत्तम निघायची. पण तांब्या, घंटा, समई असं खोलगट काही टाकलं की काठावर निकलचा जाड थर आणि पोटात पितळ तसंच पिवळं. महादूमामा म्हणायचे, विजेला पोट आवडत न्हाई. मला त्याचं कारण कळत होतं. पंगतीत वाढपी ज्या टोकानं शिरतो तिथल्या पानांवर लाडू दोन-दोन पडतात आणि शेवटच्या पानावर पोचेपर्यंत चुरा उरतो, तसंच हे. वीज जवळच्या जागी आधी उतरते. मग वाढपीच पंगतीच्या मधून चालवला तर? म्हणजे वस्तूच्या पोटात, तिच्याच आकाराची छोटी निकलची पाटी सोडली, सगळीकडून सारखं अंतर ठेवून, तर? पुढं आयुष्यभर मी हेच काम केलं. कुठल्या टाकीत पाट्या कशा मांडायच्या, किती अंतरावर, कुठल्या आकाराच्या, हे सांगायला कुठं कुठं जाऊन आले. हल्ली पाण्यातून हायड्रोजन काढायच्या मोठमोठ्या सेलबद्दल पेपरात येतं, त्यातही हेच, पाट्या आणि वीज. परवा गोकुळ शिरगावच्या एका पोरानं मला कॉम्प्युटरवर विजेच्या रेषा रंगीत करून दाखवल्या. मी त्याला म्हटलं, बाळा, ही पंगत मी बघितलीय.

अण्णांनी माझं ऐकून घेतलं, कारण त्यांना तशीही नवी टाकी करायचीच होती. जुनी आखूड आणि उथळ, मोठं काम तिच्यात मावत नसे. मी जमिनीवर खडूनं नव्या टाकीचा आकार काढून दाखवला: लांब, खोल, बुड एका बाजूला उतरतं म्हणजे गाळ तिकडं जमेल, आणि मधल्या दांडीपासून दोन्हीकडच्या पाट्या सारख्या लांब. उद्यमनगरातून लोखंडी टाकी जोडून आली, आतून रबरानं मढवून घेतली. त्यात पहिलं मोठं काम काय करायचं तेही आपोआप ठरलं. मागच्या गल्लीत कांबळे मास्तर राहायचे. लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन त्यांनी स्वतःचा बँड काढला होता. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा बँड वाजू लागला की आमची आक्कासुद्धा दारात येऊन उभी राहायची. त्यांच्याकडं एक 'बेस' होता, म्हणजे अंगाला वेटोळं घालून खांद्यावर भला मोठा भोंगा काढणारं वाद्य. त्याचं निकल उडून पितळ डागाळलं होतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि पहिल्याच तिथीची सुपारी मास्तरांनी घेतलेली. भोंगा आतून-बाहेरून चमकायला पाहिजे, पण आवाज बसता कामा नये, ही त्यांची अट.

भोंग्याचं पोट म्हणजे माझ्या कल्पनेची परीक्षाच होती. अण्णा म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं. जमलं तर बघू. न्हाई जमलं तर दिवाळी झाली की जयसिंगपूर, आणि मग तोंड पाडायचं न्हाई." मी हो म्हटलं. निकलच्या पट्ट्या कापून मी भोंग्याच्या आत बसेल असा एक छोटा भोंगा बांधला. आतल्या पाटीचा पितळेला स्पर्श झाला की ठिणगी उडून सगळं जळणार, म्हणून त्याला मधे तोलून धरायला मी मंगलच्या प्लॅस्टिकच्या बांगड्या लहान-मोठ्या अशा ओळीनं अडकवल्या. महादूमामांनी ते बघून विचारलं की टाकीचं लगीन हाय काय. मंगल बांगड्यांसाठी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खंडेनवमीला नव्या टाकीची पूजा झाली. यंत्रांना झेंडूच्या माळा, बफाला हळदकुंकू. आणि आक्का एक गाठोडं घेऊन आली. सोडलं तर आत नवी कोरी झबली, शुभ्र मांजरपाटाची, प्रत्येक पाटीच्या मापाची, अगदी माझ्या त्या छोट्या भोंग्यालासुद्धा एक. देवासमोर बसून तिनं ती स्वतः शिवली होती. नव्या टाकीला, तेही सणाच्या दिवशी, फाटक्या गाळण्यांच्या चिंध्या नेसवायच्या म्हणजे अपशकुन, असं तिला वाटलं. आईनं एकदा पाण्यातून काढू का म्हणून विचारलं, तर आक्का म्हणाली, "धुतल्यावर कोरं कसलं? देवाला कुणी धुतलेला खण देतं व्हय?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. कापडाचा कडकपणा हाताला इतका छान लागत होता की मी ती झबली गालाला लावून बघितल्याचं आठवतं.

बेस टाकीत सोडला तो दिवस मी जेवले का, मला आठवत नाही. आक्काची हाक आली तसा महादूमामांनी आणि अण्णांनी तो धरून वर काढला आणि धुतला. भोंग्याच्या आत-बाहेर काळपट पट्टे, सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं, आणि महादूमामांनी काठावर नख लावलं तर कांद्याची साल निघावी तसा पापुद्रा सुटून आला. मास्तर दुसऱ्या दिवशी बघायला आले. हातात फिरवून फिरवून त्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "अण्णा, माझ्या बेसला देवी आल्यात काय ओ?" महादूमामांचं मत तयारच होतं. पोटात पाटी घालायची म्हणजे आडमुठेपणा, विजेला ते सोसलं नाही. अण्णा मला एका शब्दानंही टाकून बोलले नाहीत. मास्तरांना त्यांनी परत करून देतो म्हणून शब्द दिला आणि आत येऊन आईला म्हणाले, तुझ्या भावाला कळव, पोरगी दिवाळीनंतर येतीया. ते मी पत्र्याच्या दारामागं उभी राहून ऐकलं. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला, कारण माझं गणित चुकलं असेल हे मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या परीनं शोध सुरू केला. नव्या टाकीत एक साधी पितळी पट्टी टांगली, पोटात पाटी नाही, काही नाही. तीही तशीच काळी आणि टोचलेली निघाली. मग जुन्या टाकीत आईचा तांब्या टांगला आणि त्याच्या पोटात बांगड्यांसकट बारीक पाटी सोडली. तांब्या आतून आरशासारखा निघाला. म्हणजे दोष माझ्या पाटीचा नव्हता, नव्या टाकीच्या पाण्याचा होता. पण पाणी तेच, आडाचं, आक्कानं गाळलेलं. औषधं एकाच पिंपातली. मी टाकीच्या काठावर हनुवटी टेकून बसून राहिले. पाट्यांजवळ बारीक फेस धरत होता आणि हलवला तरी मोडत नव्हता. तो फेस मी कुठंतरी बघितला होता, पण कुठं ते आठवेना. महादूमामा बफ थांबवून म्हणाले, जा बाई, जरा खाऊन ये, टाकी कुठं पळून जात न्हाई.

स्वयंपाकघरात आले तर आक्का मोरीजवळ बसून मांजरपाट धूत होती. झबली शिवून उरलेलं तेच कापड. घरातलं गाळणं विरलं होतं म्हणून त्याचं नवं करायला तिनं घेतलं होतं. गरम पाण्यात बुचकळायची, पिळायची, पाणी टाकायची, परत बुचकळायची. बादलीत दुधासारखं पाणी आणि त्यावर बारीक, न मोडणारा फेस. मी विचारलं, एवढं कशाला धुतेस? ती मान वर न करता म्हणाली, "खळ असती की त्यात. न्हाई काढली तर पाणी चिकट लागतंय. कुणाच्या तोंडात जाईल का ते?"

मी तिथंच खाली बसले. प्यायच्या पाण्याचं कापड आक्का कधी न धुता वापरायची नाही, आणि म्हणूनच आमच्या जुन्या झबल्यांत खळीचा कण नसायचा. नव्या टाकीला मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून, देवाचं म्हणून, कोरं कापड दिलं होतं, आणि त्यातली खळ सुटून निकलच्या पाण्यात गेली होती. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आता हे आक्काला सांगायचं होतं. तिनं किती हौसेनं ती शिवली होती! मी जरा आडून आडून सुरुवात केली. आक्कानं दोन वाक्यांतच ओळखलं. हातातलं कापड बादलीत टाकलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"म्हंजे मी टाकीला पेज पाजली की गं."

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून इतकी हसली की आई काय झालं म्हणून धावत आली. मग तिनं डोळे पुसले, कासोटा आवळला आणि विचारलं, आता काय करायचं ते सांग.

करायचं ते कॉलेजच्या पुस्तकात होतं. शाहूपुरीतल्या औषधांच्या दुकानातून बारीक कोळशाची पूड आणली. कोळसा असली घाण ओढून घेतो. टाकीतलं पाणी तापवून त्यात ती पूड घोळवली आणि खाली बसू दिली. सकाळी सगळं पाणी गाळून काढायचं होतं. गाळायचं म्हटल्यावर तिथं आमचा कुणाचा पाड लागणार! आक्का पाटावर बसली, पेटीतली सगळी जुनी मऊ गाळणी तिनं बाहेर काढली, चौपदरी केली आणि टाकी रिकामी होईपर्यंत जागची हलली नाही. महादूमामा ओतत होते, अण्णा बादल्या उचलत होते, मी पोटाशी धरून पिंपात रिकाम्या करत होते. काळ्या चिखलातून ते हिरवं पाणी आधी थेंब थेंब आणि मग धार लागून स्वच्छ उतरायला लागलं तेव्हा मंगलसुद्धा बांगड्यांचा राग विसरून बघायला आली. हात हिरवे झाले, आईचं तेवढं खरं ठरलं. कोऱ्या झबल्यांना आक्कानं उकळत्या पाण्यातून इतक्या वेळा काढलं की शेवटी ती जुन्यासारखीच दिसायला लागली. पट्टी टांगून बघितली, लख्ख निघाली. मग महादूमामांनी कुरकुरत बेसवरचं सगळं निकल काढून तो पुन्हा बफाला लावला आणि आम्ही तो परत टाकीत सोडला, पोटातल्या पाटीसकट, बांगड्यांसकट.

त्या संध्याकाळी आक्काची हाक आली नाही. दिवस कलला तशी ती स्वतःच कारखान्यात आली आणि ऊन अजून भिंतीवर आहे, काढा आता, असं म्हणाली. अण्णांनी बेस वर काढला, स्वच्छ पाण्यानं धुतला आणि भोंगा उजेडाकडं फिरवला. आतमध्ये, अगदी नरड्यापर्यंत, आम्ही सगळे उलटे दिसत होतो. महादूमामांनी आत हात घालून नख लावलं. पापुद्रा निघाला नाही. त्यांनी परत लावलं. मग हात पुसले आणि मास्तरांना बोलवायला स्वतःच गेले. पानं वाढलेली तशीच राहिली. आमच्या घरात दिवस मावळेपर्यंत कुणी जेवलं नाही असा तो एकच दिवस, आणि आक्कानंच तो चालवून घेतला. रात्री सगळ्यांना उपास पडला.

मास्तर आले. आधी त्यांनी भोंग्यात तोंड घालून मिशा बघितल्या. मग बेस अंगात चढवला, रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि छाती भरून एक लांब, खालचा सूर काढला. दुकानांच्या फळ्या थरथरल्या. समोरच्या माडीवरून बायका डोकावल्या. मास्तर थांबले, कान देऊन ऐकल्यासारखं केलं, आणि मग वरातीची एक चाल अशी काही धरली की गल्लीतली पोरं त्यांच्याभोवती नाचायला लागली. आवाज बसला नव्हता. मी दारात उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

वाजवून झाल्यावर मास्तर घाम पुशीत अण्णांजवळ आले. भोंग्यावर हात फिरवत म्हणाले की बाहेरून कुणीबी करील, पण पोटात निकल चढवलेलं मी लष्करातबी बघितलं न्हाई. आणि मग विचारलं, "हे केलं कुणी, अण्णा?"

अण्णांना कौतुक करायची सवय नव्हती. ते बेसच्या काठावरचा पाण्याचा एक थेंब धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मला वाटलं, आता मोटारीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं करतील. पण मोटार बंद होती.

"बोर्ड वाचा की, मास्तर," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी मान वर करून बोर्ड वाचला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.